तुळशीराम पीत नाही

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. तुळशीरामाचं नाव पोलीस चौकीत इतक्या वेळा पुकारलं गेलं, की मी एकटीने तोंड मिटून कोणाची अब्रू राखायची?

बेलापूरच्या खाडीकाठी आमचं गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि मध्ये तिवरांचं रान. सरकारने दारूबंदी आणली आणि या तिवरांचं नशीब उघडलं. तोवर तिथे खेकडे पकडायला जावं लागे, नंतर माणसं गूळ आणि नवसागर घेऊन जाऊ लागली. ज्याला घर शाकारायची अक्कल नव्हती त्यानेसुद्धा हातभट्टी लावली. बंदीच्या आधी गावात सणासुदीला प्यायचे, बंदी आल्यावर रोज प्यायला लागले, कारण फुकट मिळालेलं आणि चोरून मिळालेलं कोणी वाया घालवत नाही. अशा या गावात न पिणारा पुरुष एकच होता आणि पिण्याच्या गुन्ह्याखाली पोलीस पुन्हा पुन्हा त्यालाच धरून न्यायचे. तो माझा नवरा.

तुळशीराम माळकरी नव्हता. दारूचा वास आला की त्याला मळमळायचं एवढंच. त्याला कारण त्याचा बाप, चांगदेव. माझा सासरा ताडी प्यायचा हे खरं, पण तेव्हा ताडी कोण पीत नव्हतं? फरक एवढाच की बाकीचे ताडी उतरली की सरळ चालायचे आणि सासरा सकाळी उठल्या उठल्याही झोकांड्या खायचा. शेवटी शेवटी त्याला घास गिळता येईना, बोलणं कळेना, हातपाय मात्र गप्प बसेनात. गाव म्हणालं, ताडीने खाल्ला. तुळशीरामाने लहानपणी बापाला कितीदा बांधावरून उचलून आणला होता. बापाच्या चितेपाशी त्याने शपथ घेतली की थेंबाला शिवणार नाही, आणि तो शिवला नाही. एरवी त्याच्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं. नाकाने बसका, आवाजाने फाटका, पण ही एक गोष्ट तो ज्याला त्याला सांगायचा. मी पीत नाय, असं म्हणताना त्याची मान जरा वर व्हायची.

मिठागरावर तो पहिल्या दर्जाचा गडी. वाफ्यांच्या मधले बांध जेमतेम दोन पावलं मावतील एवढे, त्यावरून तो खांद्यावर मिठाच्या दोन पाट्यांची कावड घेऊन भरभर जायचा. मग एका उन्हाळ्यात त्याची बोटं वाजायला लागली. बसल्या बसल्या मांडीवर ढोलकी वाजवल्यासारखी. मी म्हणाले, भजनात जा, निदान पुण्य तरी लागेल. त्याला आपली बोटं हलतात हेच ठाऊक नव्हतं. मी दाखवली तेव्हा त्याने ती मुठीत धरली, आणि खांदा उडाला.

पुढे ते त्याच्या चेहऱ्यावर आलं. भुवई वर जायची, एक डोळा मिटायचा. शेजारची सखू विहिरीवर पाणी भरत असताना हा समोरून आला आणि नेमका डोळा मिटला. सखूचा नवरा नामा संध्याकाळी काठी घेऊन दारात उभा. मी त्याला म्हटलं, बाबा, हा माणूस म्हशीलापन डोला मारतो, मग ती म्हैस काठी घेऊन येते काय? नामा निघून गेला, पण सखू त्या दिवसापासून जरा नीट केस विंचरून पाण्याला यायला लागली, हे मी पाहून ठेवलं.

हसण्यासारखं तेवढंच. पावलं वाकडी पडू लागली. बांधावरून जाताना हा कावडीसकट वाफ्यात जायचा आणि आठवडाभराचं मीठ चिखलात मिसळायचा. मग डोकंही फसवायला लागलं. ज्या कामात जन्म गेला त्याचा क्रम सुटला. पाणी आधी सोडायचं की फळी आधी लावायची यावर तो बांधावर उभा राहून विचार करायचा आणि भरतीचं पाणी त्याची वाट न पाहता आत शिरायचं. राग नाकाच्या शेंड्यावर आला. एकदा कालवणात मीठ कमी म्हणून त्याने मडकं भिंतीवर फेकलं. मीही काही गाय नाही. मी झाकणी फेकून मारली. मग दोघांनी मिळून भिंत पुसली. त्याचे हात पुसायला लागले की भिंत आणखीच रंगायची, म्हणून मी त्याला बसवलं आणि एकटीने पुसली. मुकादमाने त्याला कामावरून काढलं तेव्हा कारण सांगितलं, दारू. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ होतं आणि नाचायला हा मागत नव्हता, पण ते कोणाला सांगायचं?

पोलिसांनी तर ताळच सोडला. भट्ट्या तिवरांत, तिथे चिखल. चिखलात कोण शिरणार? त्यापेक्षा रस्त्यावर डुलत चाललेला माणूस उचलला की काम झालं. मी चौकीत जायचे. जमादाराला म्हणायचे, तोंडाचा वास घ्या. वास यायचा, पण तो जमादाराच्या तोंडाचा. एकदा तो मला म्हणाला, बाई, वास येत नाही म्हणजे नवरा महागाची पितो. झालं. हे गावात पसरलं आणि गावाला तुळशीरामाचा नवाच राग आला. इतकी वर्षं चोरून पितो ते पितो, वर मुंबईची बिनवासाची पितो आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला एक घोट विचारत नाही. नामा तर बाटली कुठे लपवतो ते शोधायला त्याच्या मागे तिवरांत गेला आणि चिखलात वहाण घालवून आला. ती वहाणसुद्धा त्याने आमच्याकडे मागितली.

मी भांडले. गावकीत भांडले, विहिरीवर भांडले, लग्नाच्या पंगतीत भांडले. सगुणा आली म्हटलं की लोक आपणहून म्हणायचे, हो ग बाय, तुलशीराम पीत नाय. आणि माझी पाठ वळली की खिदळायचे.

शेवटी मी बेलभंडाराला तयार झाले. आमच्याकडे शेवटचा निवाडा तोच. गावदेवीच्या देवळात पंचांसमोर ओंजळीत बेलाचं पान आणि भंडार घ्यायचा आणि सांगायचं ते सांगायचं. माणूस खरा असला तर भंडार ओंजळीत राहतो, खोटा असला तर देवी हात हलवते. आता बघा माझी अक्कल. ज्याच्या हातात पाण्याचा तांब्या ठरत नाही त्याच्या हातात मी भंडार द्यायला निघाले. मला वाटलं, देवीला तरी कळेल. तुळशीराम आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. पाटलाने त्याच्या ओंजळीत भंडार ओतला. तुळशीराम मान वर करून म्हणाला, मी पीत नाय. आणि दोन्ही हात असे उडाले की पाटलाचा पांढरा कोट, पंचांची पागोटी, देवीचा मुखवटा, सगळं पिवळं. मग मागून कोणीतरी म्हणालं, देवीनंच सांगितलं. पाटील कोट झटकत म्हणाला, सगुना, आता तरी गप बस.

मी गप्प बसले नाही, पण देवीशी बोलणं टाकलं. अजून टाकलेलंच आहे.

चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी त्याला पुन्हा धरला आणि या वेळी ठाण्याच्या कोर्टात उभा केला. तिथल्या साहेबाने त्याच्याकडे बघितलं, जमादाराकडे बघितलं आणि डॉक्टरकडून तपासून आणा म्हणाला. त्या डॉक्टरने तोंड हुंगलं, डोळे बघितले, हात पुढे करायला लावले आणि म्हणाला, हा माणूस प्यालेला नाही. मला वाटलं त्या डॉक्टरच्या पायावर डोकं ठेवावं. इतक्या वर्षांत शुद्धीवर असलेला पहिला पुरुष भेटला होता. तो पुढे म्हणाला, याला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. मी ऐकलं ते पहिलंच वाक्य. दुसरं ऐकलं ते माझ्या पोरीने, मैनाने. मैना सातवी शिकलेली, घरात वाचता येणारी तेवढीच. तिने जायचंच असं ठरवलं.

आम्ही तिघं मचव्याने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर कोरगावकर म्हणून होते, सडपातळ, शांत, आमच्यासारख्यांना अहोजाहो करणारे. त्यांनी तुळशीरामाला जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितली. जीभ बाहेर आली आणि लगेच आत पळाली. पुन्हा सांगितलं, पुन्हा पळाली. मग त्यांनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली आणि घट्ट धरा म्हणाले. ह्याची मूठ घट्ट, सैल, घट्ट, सैल, म्हशीचं दूध काढावं तशी. मला हसू येत होतं. डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी विचारलं, झोपेत कसे असतात? मी म्हटलं, झोपेत एकदम गप. दुपारी चिंचेखाली पडतो तेव्हा बोटसुद्धा हलत नाही, लग्नात होता तसाच दिसतो. 

मग ते त्याच्या घरच्यांबद्दल विचारायला लागले. बाप कसा गेला? मी म्हटलं, ताडीने, आणि म्हणता म्हणताच मला आठवलं. सासऱ्याची बोटं वाजायची. सासऱ्याचा खांदा उडायचा. बापाला भाऊबहीण? एक बहीण होती, पुतळा आत्या, करावे गावात दिलेली. तीही दारू प्यायची का? मी म्हटलं, छे, तिच्या तर अंगात यायचं. हातपाय झाडायची, मान फिरवायची, दिवसभर घुमायची. लांबून लांबून लोक तिच्या पाया पडायला यायचे. शेवटी शेवटी तिचं बोलणं कोणाला कळत नसे, तेव्हा तर दुप्पट गर्दी. हे मी डॉक्टरांना सांगत होते आणि सांगता सांगता मलाच दिसत होतं. भाऊ डुलला तर ताडीबाज, बहीण डुलली तर देवी. एकच रगत, एका गावात त्याला नारळ फुटले, दुसऱ्या गावात फटके बसले. आणि आम्ही सगळे मोठे शहाणे, पिढ्यान् पिढ्या बघत बसलो.

डॉक्टर म्हणाले, हा रोग आहे, फार थोड्या घराण्यांत असतो. मेंदूचा एक भाग हळूहळू झिजतो. आधी अंगाला नाच सुटतो, मग विचार सुटतो, स्वभाव बदलतो, शेवटी गिळणं जातं. औषध नाही. रोगाला कुणा गोऱ्या डॉक्टराचं नाव होतं, मला धड उच्चारता येईना. रोग आमचा, झोकांड्या आमच्या, चौकीतले फटके आमचे आणि नाव गोऱ्याचं. इतकं करून त्या गोऱ्याने औषध का नाही काढलं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याने निदान ओळखला तरी.

मी काही बोलणार तेवढ्यात मैनाने विचारलं, "आज्याकडून बाबाकडं आला, मंग माज्याकडंबी येल काय?"

डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक पोराला निम्मी शक्यता. छापा की काटा, तसं. आत्ता तपासून कळत नाही. तिशी-चाळिशीत आपोआप कळतं. मैनाने मान हलवली. तिचे हात मांडीवर एकदम स्थिर होते आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी त्या हातांकडे बघतेच आहे. ती भाकरी थापते तेव्हा बघते, ती वेणी घालते तेव्हा बघते. मला ती ओरडते, आये, माज्याकडं टकामका बघू नको.

परतीच्या मचव्यात तुळशीराम मात्र आनंदात. दोन्ही डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातलं त्याच्या डोक्यात एकच राहिलं होतं. तो मचवा हाकणाऱ्या तांडेलाला सांगत होता, पाट्या घेऊन बसलेल्या कोळणींना सांगत होता, डॉक्टर बोलला, मी पीत नाय. माझ्याकडे बोट करून म्हणायचा, हिला इचारा. आणि मी प्रत्येक वेळी म्हणत होते, खरं हाय. ज्या वाक्यासाठी मी जन्मभर घसा कोरडा केला ते अखेर डॉक्टराच्या तोंडून मिळालं होतं आणि त्याच्यासोबत जे मिळालं ते मला खाडीत फेकून द्यावंसं वाटत होतं.

गावात मी कोणाला काही सांगितलं नाही. पहिल्यांदाच गप्प बसले आणि तिथेच चुकले. मी भांडत होते तेव्हा कोणाला संशय नव्हता. मी गप्प बसल्यावर सगळ्यांचे कान उभे राहिले. मुंबईच्या डॉक्टरने रक्त काढलं, हाड तपासलं, काहीतरी घराण्यातलं आहे, अशी कुजबुज विहिरीपासून सुरू झाली आणि ती कुठवर गेली ते मला पुढे कळलं.

त्याच वर्षी दिघ्याहून मैनाला मागणी आली. मुलगा पंढरी, ठाण्याच्या रस्त्याला नव्या निघालेल्या एका कारखान्यात लागलेला. बाप गोटीराम, चांगला आडमाप माणूस, खाडीच्या कडेला दोन भट्ट्या लावून बसलेला. मला स्थळ पसंत होतं आणि मला ते पसंत असल्याची लाज वाटत होती. मैनाला म्हटलं, तुझं तू ठरव. तिने ठरवलं. बेलापूरच्या बाजारात सुकटीच्या ढिगाऱ्यापाशी तिने पंढरीला उभं केलं आणि आज्यापासून स्वतःपर्यंत सगळं सांगितलं, छापा आणि काटा सांगितला. पोराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, खाडीत होडी घालताना तरी पुरा भरवसा कोन देतो? निम्मा हाय म्हंजे पुष्कल झाला. एवढं बोलून तो म्हणाला, पन माज्या बापाला यातलं सांगू नका, त्याला दारू कलते, बाकी काय कलत नाय. मैनाने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. पोरीला इतकं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. तेव्हाच मी मनात गाठ बांधली की हे लग्न मी मोडू देणार नाही.

साखरपुड्याला दिघ्याची माणसं बैलगाड्या भरून आली. अंगणात मांडव, बायका ओटीवर, पुरुष खाली चटयांवर. पंच आले, नामा आला, सखू डोईत फूल माळून आली. तुळशीरामाला मी धुतलेल्या सदऱ्यात एका खांबापाशी बसवलं. त्याचा पाय आपला चालला होता, खांद्याने खांबाला धक्के बसत होते, वरची तोरणं हलत होती. मैनाच्या ओटीत नारळ घालायची वेळ आली आणि गोटीराम उभा राहिला. माणूस सरळ होता, मनात ठेवणारा नव्हता. म्हणाला, शुभकामात अडथळा नको, पन एक गोष्ट पंचांसमोर साफ व्हावी.

"व्याही पितात, त्याचं मला काय नाय," तो म्हणाला. "घरोघरी मातीच्या चुली. माज्याच भट्टीची पाठवीन. पन लोक बोलतात, दारू नाय, रगताचा रोग हाय, बापाचा पोराला लागतो. तसं असंल तर आमी नारल उचलतो आनि जातो. तुमीच सांगा, इहीणबाय. तुमी तर गावभर बोलता, तो पीत नाय."

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ज्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते त्या सगळ्या माना. पंढरी जमिनीकडे बघत होता. ओटीवर मैनाने पदर सावरला आणि तोंड उघडलं. मी माझ्या पोरीला ओळखते. ती खरं सांगणार होती, सगळ्यांसमोर, सातवी शिकलेल्या स्पष्ट भाषेत. तिच्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आत मी बोलले.

"पितो," मी म्हटलं. "लाज वाटायची म्हणून झाकीत होते. रोजचा पितो."

मांडवाने एकदम मोकळा श्वास सोडला. गोटीरामाने मोठ्याने हसून मांडीवर थाप मारली. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, देवीनं तर कवाच सांगितलं होतं. नामाने लगेच शेजाऱ्याला वहाणेची गोष्ट सांगायला घेतली. सगळे इतके खूश झाले की जणू मीच त्यांना पाजली. मी मैनाकडे बघितलं नाही.

तेवढ्यात खांब हलला. तुळशीराम उठून उभा राहत होता. एक हात इकडे, एक हात तिकडे, भुवई वर, डोळा मिटलेला. दोन पोरांनी धरायला हात पुढे केले तर त्याने ते झटकले. त्याची मान वर झाली. मला ती मान ठाऊक होती. मी काय बोलले ते त्याच्या डोक्यात पोचलंही होतं आणि निसटलंही होतं. राहिला होता तो फक्त आरोप.

"मी पीत नाय," तो सगळ्यांना म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्वच्छ आले. "कोन बोलतो मी पितो? खोटा हाय तो." मग त्याने माझ्याकडे बोट केलं, ते बोट मांडवभर फिरलं आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबलं. "हिला इचारा. माजी बायको सांगंल."

मांडव हसून हसून लोळला. दारुडा कधी कबूल करतो काय? गोटीराम डोळे पुसत म्हणाला, सांगा इहीणबाय, व्याही इचारतात. तुळशीराम माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. चौकीत, कोर्टात, देवळात मी येऊन उभी राहिले होते, तशीच आताही राहणार याची त्याला खात्री होती. अंग सगळं नाचत होतं आणि नजर तेवढी माझ्यावर स्थिर होती.

पहिल्या वेळेला बोलणं सोपं गेलं होतं. तो ऐकतो आहे हे तेव्हा मला आठवलं नव्हतं.

"पितो," मी म्हटलं.

त्याचं बोट तसंच राहिलं थोडा वेळ. मग तो खाली बसला, नीट नाही, अर्धा चटईवर आणि अर्धा मातीत. गोटीरामाने मैनाच्या ओटीत नारळ घातला. बायकांनी गाणं धरलं. मी साखर वाटली, सगळ्यांच्या हातावर, पंचांच्या, नामाच्या, सखूच्या. तुळशीरामाच्या हातावर ठेवली ती सांडली.

लग्न झालं. मैना दिघ्याला नांदते आहे, पंढरी माणूस सोन्यासारखा निघाला, आणि तिच्या हातांकडे आता मी सणावारालाच बघते. मी खोटं बोलले याचं मला काही वाटत नाही. गोटीरामाला खरं सांगून मी कोणाचं भलं केलं असतं? गाव मला आता भला मान देतं. सगुणा सुधारली म्हणतं. त्या गावाच्या तोंडावर एक दिवस मी थुंकणार आहे, फक्त दिवस ठरायचा आहे.

वाटतं ते एकाच गोष्टीचं. तुळशीरामाचं बाकी सगळं पुसत चाललं. मिठागर गेलं, मुकादम गेला, मैनाचं लग्न झालं हेही गेलं. तो दिवस मात्र कुठेतरी रुतून बसला आहे. मी त्याला दुपारी पेज भरवते, चमचा त्याच्या तोंडाचा पाठलाग करतो, निम्मी पेज माझ्या लुगड्यावर. मधेच तो थांबतो आणि विचारतो.

"सगुने, मी पितो काय ग?"

"नाय," मी म्हणते. "जन्मात थेंब घेतला नाय तुमी."

त्याची मान जरा वर होते. तेवढ्यापुरता तो मला चिंचेखाली झोपलेला तुळशीराम दिसतो. मग तो म्हणतो, "मंग लोकांना तसा सांग ना."

"सांगते," मी म्हणते, आणि पुढचा चमचा भरते. रोज सांगते म्हणते. उद्या तो पुन्हा विचारणार आहे.